घाटघरच्या कळशीवरचा पापुद्रा

बसा निवांत. मी एक पापुद्रा बोलतोय. भाकरीचा नव्हे, पाणी गाळायचा. दिसायला मी पिवळट कागदासारखा आणि हाताला जुन्या धोतरासारखा मऊ. पण माझ्या अंगातला एकेक धागा इतका बारीक, की तुमच्या डोक्यावरचा केस त्याच्यापुढं घराचा वासा वाटावा. फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढं जे घडलं ते ह्या बारीकपणापायीच घडलं, म्हणून आधी कानावर घातलं.

माझा जन्म अवसरी बुद्रुकजवळच्या एका कॉलेजात झाला. मला बनवलं रत्नानं. ती घाटघरची पोर. पावसाळ्यात तिथं असं धुकं उतरतं, की अंगणातून हाक मारणारा माणूस ओसरीतून दिसत नाही. तिथून ती इकडं शिकायला आली आणि दोन वर्षं ह्या एकाच कामाला चिकटून बसली.

साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात, कागद चिकटवायच्या डिंकात घालतात त्या जातीचे. ते तिनं गरम पाण्यात टाकले आणि ढवळत बसली. घाईचं काम नव्हे ते. पेजेसारखं दाट झाल्यावर त्यात लिंबाचं सत घातलं, चांदीचं मीठ घातलं. त्या मिठातून चांदीचे कण झाले, डोळ्याला न दिसणारे, पण सगळ्या पेजेला पिवळसर झाक देऊन गेले. मग ती पेज इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरली. सुईला विजेचा मोठा दाब दिला. सुईच्या टोकाशी थेंब थरथरला आणि त्यातून धागा सुटला. नागमोडी, वेडावाकडा, हवेतच सुकत समोरच्या फिरत्या ड्रमवर जाऊन बसला. ड्रमवर मास्कचं असतं तसलं कापड गुंडाळलेलं होतं. त्याच्यावर थरावर थर बसत गेले, तो मी.

हवेत ओल असली की धागा सुकत नाही, नुसते थेंब पडतात. म्हणून खोली गरम ठेवायला लागायची. लॅबचे सावळेराममामा दाराच्या फटीला फडकं लावता लावता घाम पुसायचे.

"रत्ने, अगं कापड करतीयास का भजी तळतीयास? पार उकडून निघालो मी."

"मामा, अजून थोडं. एवढा थर बसू द्या."

शेवटी मला भट्टीत भाजलं. तसं केलं नसतं तर पहिल्या तांब्यालाच मी विरघळून गेलो असतो.

रत्नाला शिकवणाऱ्या स्नेहल मॅडम. मायाळू बाई, पण कामात सूट देणार नाहीत. मला उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "इथं नळाच्या पाण्यात हा पास झालाय. तेवढ्यानं भागत नाही. एका घरात पावसाळाभर टिकला तर काम पुढं न्यायचं. नाही टिकला, तर तुला दुसरा विषय घ्यावा लागेल."

रत्नानं मान हलवली. पण तिला दुसरा विषय नकोच होता. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात झऱ्याचं गढूळ पाणी पिऊन तिची घरातली लहानगी भाची सोनल जुन्नरला दवाखान्यात सलाईनवर पडली होती. त्या पोरीचा सुकलेला चेहरा बघून रत्नानं हे काम हातात घेतलं होतं.

तर मी घाटघरला आलो. एका स्टीलच्या कड्यात मला घट्ट बसवलं आणि कडं कळशीवर ठेवलं. रत्नाची आई कोंडाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्यो कागूद पानी गाळनार? आन माझं गाळनं काय मेलं व्हय?"

चुलीपाशी बसलेले रत्नाचे वडील कुशाबा म्हणाले, "अगं, चांदी हाय म्हनत्यात त्यात."

"मंग मला जोडवी तरी करायची व्हती!"

रत्ना हसली. "आये, चेष्टा ऱ्हाऊ दे. ह्याला हात लावायचा न्हाई. वरून पानी वतत जा, बास."

कोंडाबाईनं ते ऐकलं. तिचं आधीचं गाळणं ती रोजच्या रोज राख लावून धुवायची, तेव्हा तिचे हात माझ्याकडं बघून शिवशिवायचे. पण लेकीचा शब्द तिनं मोडला नाही. पाणी माझ्यातून थेंबथेंब उतरायचं. ती भात चुलीवर ठेवून माझ्यावर करवादायची, "लई सावकाश रं बाबा तू! तवर माझा भात शिजून निवंल की." करवादायची, आणि माझ्यावर धूर बसू नये म्हणून ताट झाकायची. माणसं अशीच असतात. तोंडानं चिडतात आणि हातानं माया करतात.

आवणीला, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, रत्ना घरी आली. पाणी तपासायची छोटी बाटली तिनं आणली होती. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. पाणी वाईट असलं तर काळं पडतं, चांगलं असलं तर पिवळंच राहतं. माझं पाणी पिवळं राहिलं. रत्नानं ती बाटली सगळ्या घराला दाखवली, सोनलला तर दोनदा दाखवली.

ती परत गेल्यावर भावकीतली धोंडाबाई वारली. कुशाबांची चुलती, पिकलं पान. घराला सुतक आलं. ते फिटलं त्या दिवशी कोंडाबाईनं घर उलटंपालटं केलं. साठवलेलं पाणी ओतलं, भांडी राखेनं घासली, अंथरुणं ओढ्यावर नेली. आणि मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरीनं हात लावू नको म्हनलंय," ती स्वतःशीच म्हणाली. "पन सुतकातल्या गाळन्याचं पानी नातीला पाजू व्हय?"

तिनं मला कड्यातून काढलं. राख लावली, दगडावर ठेवलं आणि धोपाटण्यानं, कपडे बडवायच्या त्या लाकडी दांडक्यानं, धुतलं. रागानं नाही हो. लेकराला न्हाऊ घालावं तशी मन लावून धूत होती. पण माझे ते बारीक धागे! ते राखेबरोबर ओढ्यात वाहून गेले. कड्याच्या दाबानं कापडाला घट्ट चिकटलेली कडा तेवढी वाचली, तेवढाच मी उरलो. खालचं मास्कचं कापड मात्र धडधाकट राहिलं, उलट आणखी पांढरं झालं. वरून बघणाऱ्याला वाटावं, नुसता धुऊन स्वच्छ झालाय. मी ओरडलो असतो, पण आम्हाला आवाज कुठला?

पुढच्या खेपेला रत्ना आली, बाटली भरून ठेवली आणि निजली. दुसऱ्या दिवशी बघते तर बाटली काळी.

आधी तिनं सोनलच्या हातातला पेला काढून घेतला आणि पाणी उकळायला ठेवलं. मग उंबऱ्यावर बसली.

"न्हाई जमलं, दादा," ती कुशाबांना म्हणाली. "मॅडमना फोन करते. विषय बदलते."

कुशाबा चुळबुळले. "असं कसं? आता तर पानी चांगलं धारंनं पडतंय की."

"धारंनं? कधीपासून?"

"सुतक फिटल्यापसनं."

रत्ना उठली. मला काढून उजेडासमोर धरलं, कडेवर बोट फिरवलं; पिवळा थर तेवढ्या कडेलाच उरला होता.

"आये, ह्ये धुतलंस?"

"मंग? सुतकातलं तसंच ठिवू?"

"हात लावू नको म्हनले व्हते ना!"

"हात कुठं लावला? धोपाटन्यानं धुतलं."

कुशाबांना हसू फुटलं, पण लेकीचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. रत्ना आधी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तेव्हा कुठं कोंडाबाईच्या ध्यानात आलं.

"म्हंजी... म्या मोडलं व्हय गं तुझं?"

"न्हाई आये. सुतकाचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ह्याच घरातली असून."

रेंजसाठी टेपाडावर चढून तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "विषय नाही बदलायचा. धोपाटणं सोसेल असा बनवायचा. आणि आईंना घेऊन ये."

तशी कोंडाबाई एसटीनं अवसरीला आली, पिशवीत धोपाटणं घालून. लॅबमागच्या नळाशी सावळेराममामांनी दगड मांडला, कुणाच्या तरी चुलीतली राख आणली. माझा धाकटा भाऊ तयार होता. त्याला दोन कापडांच्या मध्ये शिवलेलं, जास्त भाजलेलं. कोंडाबाईनं धोपाटणं उचललं आणि तसंच वर धरून ठेवलं.

"मॅडम, माझ्यानं न्हाई व्हनार. पोरीनं जीव वतलाय ह्याच्यात. कसं आपटू?"

"तुम्ही नाही आपटलंत तर हा घाटघरला जाणार नाही, कोंडाबाई."

रत्ना तिच्याशेजारी उकिडवी बसली. "आये, घरच्यासारखं धू."

डोळे मिटून तिनं पहिला घाव घातला. तो भाऊ फाटला. तिच्या तोंडून "आगं बया" निघालं. रत्नानं दुसरा बनवला, तोही गेला. मग कोंडाबाई लेकीच्या खोलीवरच राहिली. पोर विणायची, माय धुवायची. असं होता होता एक भाऊ टिकला. धुऊन झाल्यावर त्याच्यातून घाटघरहून मागवलेलं झऱ्याचं पाणी गाळलं. बाटली ठेवली आणि सगळे वाट बघत राहिले. पिवळी राहिली. मॅडमनी "पुढं चला" एवढंच म्हटलं. कोंडाबाई मात्र त्या ओल्या कापडाला छातीशी धरून बसली, लुगडं भिजलं तरी सोडीना.

तो भाऊ आता घाटघरला कळशीवर आहे. रोज राखेचा मार खातो आणि मजेत असतो. मी, म्हणजे माझी उरलेली कडा, रत्नाच्या टेबलाच्या खणात पडून आहे. मला कोंडाबाईचा राग नाही. मला धुताना तिला नातीचीच काळजी होती, आणि मीही त्याच पोरीसाठी जन्मलो होतो.

एवढंच मागणं आहे माझं. कुणाच्या दारी नवी वस्तू घेऊन चालला असाल, तर ती कशी वापरायची ते सांगायच्या आधी क्षणभर ओसरीवर टेका, पाणी प्या, आणि घरच्या बाईला विचारा: बाई, तुमच्यात सुतक फिटल्यावर काय काय धुतात?