उपाशी प्लेटा

पायरी ६. चार दिवस वाट पाहणे.

(सांगली, सप्टेंबर १९९७. ही पायरी वहीत दोनदा आहे.)

पायरी १ ते ५, थोडक्यात. रुग्णाच्या तोंडात पांढरा थर धरणारं यीस्ट. त्याला धागे फुटतात आणि ते मांसात शिरतात. कोणत्या जनुकामुळे, याचा मला अंदाज आहे. ते काढल्याशिवाय सिद्ध होणार नाही. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. आधी एक काढायची, तिच्या जागी युरिडीन बनवणारं जनुक बसवायचं. युरिडीनशिवाय पेशी वाढत नाहीत, आणि आमच्या या वाणाला ते स्वतः बनवता येत नाही. मग युरिडीन नसलेल्या प्लेटांवर पेशी पसरायच्या. बदललेल्या वाढतील. बाकीच्या उपाशी.

त्यासाठीचा डीएनए पुण्याहून आलेला. शेवटची नळी गुरुवारी वापरली. प्रबंधाची मुदत डिसेंबर.

पायरी ६, पहिल्यांदा. सोमवारी इनक्युबेटर उघडला. दहाही प्लेटा सायीसारख्या पांढऱ्या. सगळंच वाढलेलं.

"मामा, प्लेटांना कुणी हात लावला?"

कोंडीबा मामा म्हसवडचे. प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं. युरिडीन असलेला पोषक रस तेच शिजवतात.

"म्या. तीन दिस झालं, एक ठिपका न्हाई. दोन-दोन थेंब रस घातला. दिव्यापाशी धरूनच घातला, बाहेरचं कायबी शिरू दिलं न्हाई."

"त्यांना उपाशीच ठेवायचं होतं."

"व्हय?" ते स्टुलावर बसले. "भात्तरच्या दुष्काळात आमच्यात जनावरं अशीच गप पडून ऱ्हायची. बगवंना."

माझे पर्युषणाचे दिवस, एकवेळ जेवण. मी म्हटलं, उपाशी तर मीही आहे.

"तुमी ठरवून ऱ्हायला, ताई. ह्यास्नी कुणी इचारलं?"

पायरी ५ पुन्हा (ही मूळ पद्धतीत नाही). पांढरा थर खरवडला. रस निघेपर्यंत पेशी पाण्याने धुतल्या. बदललेली एखादी असलीच, तर कोट्यवधींत मिसळलेली. चाळीस नव्या प्लेटा लागणार होत्या. त्या मामांनीच ओतल्या, युरिडीन न घालता.

पायरी ६, दुसऱ्यांदा. इनक्युबेटरला कुलूप लावून मामांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. माजा मला भरवसा न्हाई."

पायरी ७. मोजणे. शुक्रवारी मामा माझ्या मागे उभे होते. सदतीस प्लेटा कोऱ्या. तीन प्लेटांवर एकेक ठिपका, खसखशीएवढा. तपासणी बाकी आहे, पण एक जरी खरा निघाला तरी काम पुढे सरकेल.

"तीन, मामा."

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. त्या तीन प्लेटांकडे नाही.

"आन् बाकीच्या?"

वहीत तो रकाना नव्हता. पट्टी घेऊन मी आखला.