दहा टक्क्यांचा वाटेकरी

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबायला हवी होती. ती हळू झाली, जाळीच्या दारातून भिंतीवरचा पाचचा आकडा दिसलाही, आणि मग थांबायच्या ऐवजी ती खाली घसरली. आधी सावकाश, मग एकदम. आतले सहाही जण एकाच वेळी ओरडले. चौथा मजला डोळ्यांसमोरून वर निघून गेला. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज आला, सगळ्यांचे गुडघे वाकले, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली.

त्या सहांत एक बाळंतीण होती. सहा आठवड्यांचं बाळ तिने छातीशी घट्ट धरलं होतं, त्यामुळे पडताना हात टेकायला मोकळाच नव्हता. हनुवटी कठड्यावर आपटून फुटली. बाळ ठणठणीत होतं आणि जीव खाऊन रडत होतं.

"बाळाला इकडे द्या, आणि हा रुमाल घट्ट दाबून धरा," शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची, रक्त बघून गांगरणारी नव्हती. आठव्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या बहिणीला भेटून ती घरी निघाली होती. बाळाला खांद्यावर थोपटत तिने बाकीच्यांनाही धीर दिला. "घाबरू नका. या लिफ्टची देखभाल माझे मिस्टरच करतात. काम एकदम चोख असतं त्यांचं. आता ही खाली जायची नाही."

त्यांना बाहेर काढायला पाऊण तास लागला. नवऱ्याची त्या दिवशी रजा होती, म्हणून कंपनीने दुसरा मिस्त्री पाठवला होता. हात देऊन तिला वर ओढताना तो चमकला. "वहिनी? तुम्ही होता आत?"

"मीच. काय झालं हो हिला?"

"बघतो," एवढंच म्हणून तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे गेला.

ती सोसायटीच्या ऑफिसात पाणी पीत बसली. मेहुणे धावत आले होते, सेक्रेटरी कुणाला तरी फोनवर झापत होते. थोड्या वेळाने मिस्त्री खाली आला आणि त्याने कागदात गुंडाळलेल्या दोन वाकड्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या. ब्रेकच्या पट्ट्या. याच चाकाला घट्ट धरतात, म्हणून लिफ्ट जागेवर थांबते.

"अहो, पण या तर नव्या आहेत!" सेक्रेटरींनी फाइल उघडली. "तीनच महिने झाले. हे बघा बिल. नवीन ब्रेक पट्ट्या, एक जोडी."

मिस्त्रीने खिशातून किल्ली काढून पट्टीवर ओढली. काळ्या रंगाचा पापुद्रा उचकटला. खालची पट्टी झिजून गुळगुळीत झालेली होती, जुन्या चपलेच्या तळासारखी. त्याने किल्ली खिशात ठेवली. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

तिने बिलाकडे बघितलं. काम केल्याची सही खाली होती, आणि सहीच्या आधी एक बारीकसा क्रूस. तिचा नवरा प्रत्येक सहीआधी तो काढायचा. लग्नाच्या नोंदवहीतही त्याने तो काढला होता.

मेहुणे काहीतरी बोलत होते. तिला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले.

घरी तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर तो मंडळीत पैशांच्या कारभाराचा वर्ग घ्यायचा. आपल्याकडचं सगळं देवाचं, आपण फक्त कारभारी, हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. पगार हातात आला की आधी दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाच्या पाकिटात. मग घर, मग शिक्षण, मग अडीअडचण, आणि उरलं तर हौस. अशी पाच पाकिटं. कर्ज काढायचं नाही, उधार मागायचं नाही, दिलेलं बोलून दाखवायचं नाही. कितीतरी घरं त्याच्यामुळे सावरली होती. एका रंगाऱ्याने त्याच्या वर्गात बसून दारू सोडली होती. मंडळीत सगळे त्याला दशांशदादा म्हणायचे, पोरंटोरंसुद्धा.

"आलीस? उशीर झाला गं," मान वर न करता तो म्हणाला. "उद्या प्रामाणिकपणावर बोलायचं म्हणतोय. एखादं साधं उदाहरण सुचव ना."

ती दारातच उभी राहिली. "ताईच्या बिल्डिंगमधली लिफ्ट पडली."

त्याने मान वर केली.

"मी आत होते. एक सहा आठवड्यांचं बाळ होतं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, तिचे दंड धरले, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लागलं का कुठे? बाळाला?"

"नाही. त्याच्या आईला टाके पडले. अहो, त्या पट्ट्या जुन्या होत्या. रंगवलेल्या." "बिलावर सही तुमची आहे. सांगा ना, कुणीतरी तुम्हाला फसवलंय. स्टोअरमधूनच तशा आल्या असतील. सांगा ना."

त्याने तिचे दंड सोडले. तो टेबलावरचे कागद एकावर एक रचू लागला. तो नाही म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. तेवढा एक शब्द तिला पुरला असता.

"अगं, त्या पट्ट्या आणखी वर्षभर सहज चालतात," तो म्हणाला. "मी पारखून घेतो. तिथल्या कशा घसरल्या, कळत नाही."

"आणि नव्या?"

"सुट्या भागांचा एक दुकानदार विकत घेतो."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. "किती दिवस चाललंय?"

"चार वर्षं. पोरीच्या नर्सिंगचं ठरलं तेव्हापासून. पगारातून ते कधीच झालं नसतं, तुलाही माहीत आहे. कंपनी आपल्याला काय देते आणि बिल्डिंगवाल्यांकडून काय उकळते, ते बघ जरा. मी एक पैसा चैनीवर उडवला नाही. कधी पान खाल्लं नाही मी." मग घाईघाईने, जणू हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडेल अशा आवाजात, तो म्हणाला, "आणि त्यातलाही दशांश मी आधी काढलाय. प्रत्येक वेळी. देवाचं मी काही ठेवलेलं नाही."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. एकोणीस वर्षांचा संसार. हा माणूस भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेली चिल्लर परत द्यायला भर उन्हात अर्धा मैल चालत गेला होता. तो थट्टा करत नव्हता. तो जे बोलत होता ते त्याला खरंच वाटत होतं, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"तुम्ही देवाला त्यातलं दिलंत?" ती पुटपुटली.

आतल्या खोलीच्या दारात मुलगी उभी होती. सतरा वर्षांची. तिने सगळं ऐकलं होतं. हातातलं पुस्तक मिटून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी तिघंही उपासनेला गेले, पण एकमेकांशी एक अक्षर न बोलता. दानाची पिशवी रांगेतून फिरत आली तेव्हा त्याने कोटाच्या आतून एक जाडजूड पाकीट काढलं आणि पिशवीत टाकलं. पिशवी एकदम खाली गेली, शेजारच्या माणसाने तिला खालून हात लावला. तिने पाकीट ओळखलं. शिक्षणाचं होतं. सगळंच्या सगळं. त्याने डोळे मिटले होते, आणि कालपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला होता.

उपासना संपली. वर्गासाठी तीसेक माणसं वह्या घेऊन बसली. तो फळ्याकडे निघाला, तेवढ्यात चर्चच्या पाळकांनी त्याला बाजूच्या खोलीत हाक मारली. तीही मागोमाग गेली. तिला कुणी अडवलं नाही.

पाळक म्हातारे होते, तरुणपणी शिंपीकाम केलेले. बोलणं अजूनही कात्रीसारखं होतं. पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर होतं.

"दादा, हे तुझंच ना? एवढे कुठून आले?"

त्याने सांगितलं. लिफ्ट, पट्ट्या, दुकानदार, चार वर्षं, सगळं. शेवटी म्हणाला, "मला ते आता नकोत. सगळे देवाला दिले. शुद्ध होऊ देत."

पाळकांनी चष्मा काढला.

"चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं तू चोरी करत होतास, आणि प्रभूला त्यात दहा टक्क्यांचा वाटेकरी करत होतास. आणि आज सगळा माल त्याच्याच गळ्यात बांधतोस?" त्यांनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "उचल हे."

"पण मी देवाला..."

"देवाचं काही चोरीला गेलेलं नाही. ज्यांचं गेलंय त्यांची दारं तुला माहीत आहेत. रोज तिथेच जातोस." मग हळू आवाजात, "आणि त्या दशांशातून आम्ही हॉलचं छप्पर केलं रे. ते आता मी कसं परत करू, ते मला शोधायला लागेल. ते माझं. तू आधी एक कर. त्या लिफ्ट बंद करायला लाव. आज. आत्ता. पैशांचं नंतर."

लिफ्ट! कालपासून ती पैशांचा, सहीचा, पोरीचा विचार करत होती. तशाच पट्ट्यांवर आणखी किती लिफ्ट या घटकेला वर-खाली होत होत्या, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मनातही आलं नव्हतं. ते आत्ता येत होतं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"अकरा," तो म्हणाला आणि भिंतीला टेकला.

तो वर्गात गेला. माणसं पेन सरसावून बसली. "आज वर्ग नाही," तो म्हणाला. "मी चोर आहे. मला लगेच जायचंय." मागे बसलेले एक काका हसले, त्यांना वाटलं, हे आजच्या धड्यातलं उदाहरण असणार. रंगारी हसला नाही. तो पहिल्या रांगेत होता, त्याने दादांचा चेहरा जवळून बघितला होता. त्याची वही गुडघ्यांवरून घसरून खाली पडली, तरी त्याला कळलं नाही.

त्या दुपारी तो इमारतीमागून इमारत फिरला. तीही बरोबर गेली. तो मेन स्विच बंद करायचा, ती दारावर कागद चिकटवायची, आणि सेक्रेटरीला बोलावून तो सगळं सांगायचा. पहिल्या ठिकाणी त्याचे शब्द अडखळले. पाचव्या ठिकाणी कुणीतरी त्याच्या मुस्काटात मारली. ती मधे पडायला गेली, त्याने हातानेच तिला थांबवलं. सातव्या ठिकाणी एक आजोबा जिन्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे आता मी नऊ मजले चढायचे?" आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. नवव्या ठिकाणी सेक्रेटरीने त्याला आत घेऊन दार लावलं. "वेडबीड लागलंय का तुम्हाला?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्या बिलात माझेही वरचे पैसे होते. तुम्ही तोंड उघडलंत तर मी कुठे जाऊ?" तो म्हणाला, "साहेब, आधी स्विच बंद करू द्या. मग तुम्ही आणि मी दोघंही बघू, कुठे जायचं ते."

सोमवारी कंपनीने त्याला काढलं. तपासणी झाली, आणि आणखी दोन इमारतींतल्या पट्ट्या शेवटच्या घटका मोजताना सापडल्या. पोलिसांत तक्रार झाली; पैसे भरून दिले आणि स्वतःहून सांगितलं म्हणून तुरुंग टळला, पण चौकीच्या पायऱ्या त्याला कैकदा झिजवाव्या लागल्या. पाकिटातल्या पैशांनी भागलं नाही. तिने बांगड्या मोडल्या, चर्चजवळची मोठी जागा सोडून ते दोन खोल्यांत आले. ताईने तीन महिने फोन उचलला नाही.

मुलीचा प्रवेश त्या वर्षी झाला नाही. ती एका रुग्णालयात आयाचं काम करायला लागली. बापाशी ती बोलायची, पण कामापुरतं. एके दिवशी त्याने तिला "माझं चुकलं गं" म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला फी भरायला नाही म्हणाला असतात ना, तर मी रडले असते आणि विसरून गेले असते."

पाच महिने त्याला कुणी उभं केलं नाही. जिथे जाईल तिथे आधीची नोकरी का सोडली म्हणून विचारायचे, तो खरं सांगायचा, आणि मुलाखत तिथेच संपायची. "थोडं आडून सांगत जा ना," एकदा तिच्याच तोंडून निघालं, आणि आपण काय बोललो हे कळून ती स्वतःच हबकली.

मग एका संध्याकाळी तो घरी आला आणि चपला न काढताच दारात उभा राहिला. रुग्णालयाच्या खाटा, स्ट्रेचर आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणारा एक कारखाना होता. मालकीणबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, पहिले सहा महिने अर्ध्या पगारावर. मी दुरुस्त केलेली प्रत्येक खुर्ची बाहेर जायच्या आधी त्या स्वतः बसून बघणार." त्याला ते अजून पटत नव्हतं, तो दाराच्या चौकटीला धरून होता. "मला वाटलं होतं, हाकलतील. अगं, त्यांनी मला चहा विचारला."

अर्धा पगार. तिने मनातल्या मनात भाडं, दूध, वीज लावून बघितलं. जमत नव्हतं. जमवायला लागणार होतं.

"उद्या किती वाजता निघायचंय?" तिने विचारलं.

"साडेसातला."

आतून मुलीचा आवाज आला. "माझी ड्युटी आठची आहे, बाबा. आपण बरोबरच निघू."

त्याने बायकोकडे बघितलं, काही चुकीचं तर ऐकलं नाही ना अशा नजरेने. मग खाली बसून तो चपला काढू लागला, आणि कितीतरी वेळ त्याला पट्टा सुटेना.