अनिसाचं हसू

नवी पेठेत अनिसा मणियारच्या दुकानात बायका बांगड्या भरायला यायच्या, त्यातल्या निम्म्या तिच्या हसण्यासाठी. हात हातात घेऊन ती असं काही बोलायची, की काचेची बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचंही नाही. नवरा वारला होता, मुलगा अतीक पुण्यात नोकरीला. दुकानावरच्या खोलीत ती एकटीच राहायची, पण दिवस माणसांत जायचा.

मग गिऱ्हाईक तुटायला लागलं. लग्नसराई आली तरी ओळखीच्या बायका दारावरून पुढं जायच्या. तिची बोटंही पहिल्यासारखी चालत नव्हती, भरता भरता बांगडी फुटायची. गॅसवर फोडणी करपली तरी तिला वास यायचा नाही. अतीक फोनवर सारखा म्हणायचा, अम्मी, मोठ्यानं बोल. वय झालं, असं म्हणून तिनं सगळं सोडून दिलं.

समोर ब्लाऊज शिवणारी दगडाबाई तिची जुनी मैत्रीण. दुपारचा चहा दोघी एकत्र प्यायच्या. एके दिवशी ती पेढे घेऊन आली. माढ्याला दिलेल्या लेकीला मुलगी झाली होती. अनिसाला इतका आनंद झाला की छाती भरून आली. ती हसली, मुबारक म्हणाली. दगडाबाईनं पेढा ठेवला आणि चहा न घेताच निघून गेली. त्यानंतर ती चहाला आलीच नाही.

अनिसा वाट बघून कंटाळली आणि स्वतःच तिच्याकडं गेली.

"अक्का, माजं काय चुकलं?"

मशीन थांबवून दगडाबाई म्हणाली, "तुजं कशाला, माजंच चुकलं. नात झाली म्हणून सांगाया आले, तर तू नुसती बघत बसलीस. पोरगी झाली ते आवडलं न्हाय का तुला?"

"मी हसले की गं."

"कुटं हसलीस? वरीस झालं, तुला हसताना कुणी बघितलं न्हाय. समदी पेठ म्हणती, अनिसाला आता माणूस नको झालंय."

अनिसा दुकानात परत आली. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशासमोर उभी राहिली, त्या तान्ह्या पोरीला डोळ्यांपुढं आणलं आणि मनापासून हसली. आरशातली बाई तिच्याकडं कोऱ्या डोळ्यांनी बघत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही. तिनं शटर ओढून घेतलं.

नेहमीच्या डॉक्टरांनी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं, सही करायला लावली, चालून दाखवायला सांगितलं. तिचा डावा हात चालताना हलतच नव्हता, हे तिला तिथं पहिल्यांदा समजलं. वासाचं त्यांनी आपणहून विचारलं.

"पार्किन्सन आहे," डॉक्टर म्हणाले. "हात थरथरायला पाहिजेत असं काही नाही. हालचाल मंदावते, आवाज बारीक होतो. चेहऱ्याचे स्नायूही तसेच. मनातलं तोंडावर उमटत नाही."

"मंग लोकांना कळायचं कसं?"

"सांगावं लागेल," ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसून ती रडली. शेजारच्या बाईनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी तिनं दगडाबाईला फोन लावला. ती बारशासाठी माढ्याला गेली होती. मागं बायकांचा गलका चालला होता. "कोण बोलतंय? ऐकू येईना," असं दोनदा म्हणून दगडाबाईनं फोन ठेवला.

गोळ्यांनी बोटं जरा मोकळी झाली. चेहऱ्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. "तुमी आलात, मला लई बरं वाटलं," असं अनिसा आता गिऱ्हाइकांना तोंडानं सांगायची. एखादी हसायची, एखादी बिचकायची.

दगडाबाई परतल्यावर अनिसानं तिला सगळं सांगितलं. दगडाबाईचे डोळे भरून आले.

"मंग आता हसतीयास का?" तिनं विचारलं.

"व्हय."

चहा पुन्हा सुरू झाला. पण बोलता बोलता दगडाबाई मधेच थांबायची, अनिसाच्या चेहऱ्याकडं बघायची आणि नजर वळवून कपातला उरलेला चहा पिऊन टाकायची.