मास्तरची सोंगटी

आत्याला बोलवायची दुर्बुद्धी आपल्याला कुठून झाली, असं संध्याला भर वर्गात वाटून गेलं.

अमरावतीच्या त्या कोडिंग क्लासची अटच तशी होती. प्रत्येकाने केलेला खेळ क्लासबाहेरच्या माणसाने शेखर सरांसोबत शेवटपर्यंत खेळून दाखवायचा. खेळ अडकला की पुढच्या बॅचचं नाव काढायचं नाही. आणि पुढची बॅच नाही, तर संध्याने मुकाट्याने दर्यापूरला परत यायचं, हे घरी ठरलेलंच होतं. म्हणून तिने घरी लहानपणापासून खेळलेला, कवड्या-सोंगट्यांचा हातखंडा अष्टाचंगाच केला. चित्रंबित्रं काही नाहीत; काळ्या स्क्रीनवर पंचवीस घरं, एकाच्या सोंगट्या आकड्यांच्या, दुसऱ्याच्या अक्षरांच्या. एंटर दाबलं की कवड्या पडणार, मग कोणती सोंगटी चालवायची ते टाइप करायचं. आणि खेळायला आणली अकोल्याची जाईबाई. शाळेत खिचडी शिजवणारी ही आत्या अष्टाचंग्यात भल्याभल्यांना रडवायची.

डाव रंगात आला. सरांची सोंगटी तीन घरं पुढे, आणि आत्याला दान पडलं तीनच. मारायची आयती संधी सोडून आत्याने खुशाल दुसरीच सोंगटी चालवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सरही काही कमी नाहीत, वयाचा मान म्हणून तेही मारेनात. आता या खेळात गोम अशी की, एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. त्यामुळे दोघंही आपले बाहेरून गोल गोल फिरतायत. पाच फेऱ्या झाल्या, सात झाल्या. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

संध्या आत्याच्या कानाशी लागली. "मार ना व आत्या, नाही तं मले दर्यापूरले जा लागते."

"नव्या माणसाले पहिल्या डावात मारत नाही आपण," जाईबाई मोठ्यानेच म्हणाली. "अन् हे तं मास्तर आहेत, तुले शिकवून राहिले."

सरांनी हात थांबवला. "संध्या, हा खेळ संपणारच नाही. तपासला होतास ना?"

तपासला होता, दोनशे वेळा. पण एकटीने, आणि दोन्ही बाजूंनी वैऱ्यासारखा. कोणी कोणाला मारणारच नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर घरात पाहिलेली गोष्ट आपण विसरलो, याची तिला लाज वाटली.

"आत्याला मारायला सांगू का, सर?"

"आत्या बरोबर खेळतायत. प्रोग्राम बदल. अर्धा तास देतो."

संध्या आत्याकडे वळली. "घरी असं झालं का काय करतो व आपण?"

"काय करतो म्हंजे? तीन फेऱ्या झाल्या का दोघांलेही आत सोडतो. भांडणच नाही, तं अडवून काहून ठेवायचं?"

संध्याने फेऱ्या मोजणाऱ्या चार ओळी लिहिल्या. एक कंस राहून गेला, तो लावला. डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चौथ्या फेरीला दोघांच्याही सोंगट्या आत शिरल्या, आणि स्क्रीनवर आलं, जाईबाई जिंकल्या. संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

सरांनी कागदावर लिहिलं, 'पुढच्या बॅचसाठी पात्र'. खाली 'चूक कोणी शोधली' या रकान्यात त्यांनी जाईबाईचं नाव घातलं, आणि विचारलं, "अजून एक डाव होऊन जाऊ द्या?"

"बसा मास्तर," जाईबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "आता वळख झाली."

आणि तिसऱ्याच दानाला तिने सरांची सोंगटी मारली.