मागसून येणारा आवाज

आश्विनातली सकाळ, कापायला आलेली भातशेतं, दवाने रस्त्यावर बसलेली तांबडी धूळ, आणि हा सगळा निवांतपणा मुळापासून हलवत कट्टा गावाच्या वळणावरून येणारी एक गर्जना. दाजी माझ्या कानांना आधी असे आठवतात. डोळ्यांपुढे येतात ते मागाहून, धुरळ्यातून उमटत जाणाऱ्या त्या जुन्या विलायती मोटारीबरोबर. गाडी कागदोपत्री काळी होती, पण जांभ्याच्या धुळीने तिने केव्हाच वर्णांतर केलं होतं. आणि सुकाणूपाशी, समुद्राकडे पाहावं तसा रस्त्याकडे पाहणारा तो कृश, ताठ मानेचा माणूस.

साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. मालवण ते कसाल अशी त्यांची भाड्याची फेरी असे. गाडीचा सायलेन्सर खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकला होता, त्यामुळे मागच्या बाकावर शेजाऱ्याशी बोलायचं तर घसा ताणावा लागे, आणि कितीही ताणला तरी शब्द पुढे दाजींपर्यंत पोचत नसे. साहजिकच ते बाक म्हणजे आमच्या पंचक्रोशीतली सर्वांत सुरक्षित जागा ठरली होती. तिथे सोयरिकी मोडल्या, भाऊबंदकीचे डाव शिजले, नवऱ्यांची यथेच्छ निंदा झाली. सगळं ओरडून आणि सगळं गुप्त. दाजी त्या गर्जनेत गुहेतल्या तपस्व्यासारखे बसलेले असत.

कसालच्या तिठ्यावर मुंबईची गाडी यायची, तेव्हा मात्र ते खाली उतरत. मडगार्डावर तळवा टेकून, शेवटचा उतारू उतरेपर्यंत उभे राहत. प्रत्येक चेहऱ्यावर त्यांची नजर उजेडासारखी हळूहळू चढे आणि तशीच ओसरे. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईला गोदीत लागला होता. तिथून तो कुठल्याशा बोटीवर चढला, आणि पुढे त्याची खबर नव्हती. दाजी त्याच्याविषयी बोलत नसत. "आज गर्दी कमीच होती," एवढं म्हणून फडक्याने काच पुसत. काच बहुधा स्वच्छच असे.

मग गावातल्या प्रतिष्ठितांनी मनावर घेतलं, की बाजाराची शान असलेल्या गाडीने असं खोकत फिरणं बरं नव्हे. मूळ सायलेन्सर मिळेना, म्हणून कोल्हापुराहून दुसऱ्याच जातीच्या गाडीचा आणला आणि लोहाराने पट्ट्या ठोकून तो इथे नांदता केला. प्रसंगाला साजेसा समारंभ झाला. नवी वस्तू शेपटीकडे असूनही हार गाडीच्या तोंडाला घातला गेला. नारळ वाढवून गावकाराने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक जी काय इडापिडा आसात ती भायर काढ रे म्हाराजा!" आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून इतका गजर केला, की त्यात सुरू झालेली गाडी कुणाला ऐकूच आली नाही. ती खरोखरच नि:शब्द झाली होती.

आठवडा झाला नसेल, तोच दाजी शाळेच्या पायरीशी उभे राहिले.

"मास्तर, मागसून आवाज येता."

मी ध्वनीचा धडा शिकवीत असे, तेव्हा या विषयातला अधिकारी पुरुष मीच, असा त्यांचा समज. बाकीच्यांची निदानं झालीच होती. गिरणीवाला म्हणाला स्प्रिंगचा पाटा तुटलाय, लोहार म्हणाला लोखंड नवं आहे, बोलायचंच, आणि गावकार म्हणाला देवाकडे कौल लावा. रविवारी मी गाडीत बसलो. रिकामी गाडी मुकी. मी मागे बसलो, तरीही मुकी. बाजारात मासळीच्या पाट्या घेऊन आवडी आणि तिची जाऊ मागे येऊन बसल्या, मी पुढे सरकलो, आणि कट्ट्याच्या उताराला तो आवाज उमटला. ठक्. खळग्यागणिक, बंद दारावर कुणी बोटाच्या पेराने हळूच वाजवावं तसा. भार पडला की मागचे पाटे दबत होते, आणि परक्या मापाची ती नळी खालच्या आसाला टेकत होती. निदान मला जमलं होतं. मी मोठ्या समाधानाने दाजींकडे वळलो.

पण मागे आवडी दाजींच्या मुलाविषयी बोलू लागली होती. तिला या गाडीत बोलायचं म्हणजे ओरडायचं एवढंच ठाऊक. सायलेन्सर बदलला होता, गळा बदलला नव्हता.

"गो, तेचो झील आता खंयचो येता! आमच्या घोवान आफ्रिकेत मोंबासाक बघल्यान तेका. थंय दुकान घातल्यान, बायल केल्यान, दोन चेडवां आसत. आणि हो बापूस रोज मुंबयच्या गाडयेकडे उभो!"

"हळू बोल गो!"

"खंय ऐकतलो तो? ह्या गाडयेत घातलेला गाऱ्हाणा देवाकसुद्धा ऐकाक येवचा नाय!"

दाजींनी मान वळवली नाही. पण त्यांच्या मानेवरची ती ताठ शीर, वारा पडल्यावर शिडाचा दोर सैल पडावा तशी, क्षणभर सैल पडलेली मला दिसली. उरलेल्या वाटेत फक्त ठक्, ठक् येत राहिलं.

तिठ्यावर पोचलो. मुंबईची गाडी अजून आली नव्हती. मी म्हणालो, "दाजी, सोपं आहे. पट्टी बोटभर वर घेतली की आवाज थांबेल."

"त्या ठक् ठक्चो माका त्रास नाय, मास्तर." ते आसनाखालची पिशवी चाचपत होते. "ह्या गाडयेत मागच्या मान्सांचा बोलणा ऐकाक येता. ता बरा नाय. तुमी आत्ता काय ऐकलात?"

त्यांच्या हातात छिन्नी आणि हातोडी होती. डोळे माझ्यावर नव्हते. रस्ता उत्तरेकडून जिथे वळून येतो तिथे होते.

"काही नाही," मी म्हणालो. "गाडीचा आवाज केवढा!"

"मी पण ऐकूक नाय," दाजी म्हणाले.

मग आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला गाडीखाली सरकलो. मी छिन्नी धरली, त्यांनी घाव घातले. कोवळ्या उन्हाची एक तिरीप चाकातून आत येऊन त्यांच्या कपाळावर पडली होती. हार आणि नारळ घेऊन गाडीत आलेली ती शांतता आम्ही सायलेन्सरला भोक पाडून बाहेर सोडून दिली. परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा गर्जू लागली, मागे आवडी पुन्हा निर्धास्त ओरडू लागली. कोल्हापूरचा माल तकलादूच, असं गावाने ठरवलं, आणि दाजींनी ते ठरू दिलं.

त्याआधी, आम्ही अंगावरची धूळ झटकत असतानाच, मुंबईची गाडी आली होती. दाजी उठून नेहमीच्या जागी गेले. उतारू उतरत गेले, नजर चढत आणि ओसरत गेली, पण त्या दिवशी ती मला आधीपेक्षा सावकाश वाटली, जणू एकेका चेहऱ्याला ती आणखी थोडा अवधी देत होती. तेव्हा मला ते पुरतं कळलं नव्हतं. आता, माझीही काही माणसं कुठे कुठे जाऊन राहिल्यावर, कळतं. जे माणूस अजून आलेलं नाही, ते निदान वाटेवर असतं. ते दुसरीकडे पोचल्याची खात्री झाली, की ते पोचतं आणि आपल्याकडे नुसती वाट उरते.