शेपटाचा सुळका

आमच्या शेतकरी संघात लॅव्हेंडरचं तेल तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. त्याच्या पोटात केसासारखी तीस मीटर नळी वेटोळं घालून बसलेली. तेलातला एकेक घटक तिच्यातून आपल्या वेळी निघतो, कागदावर सुळका उमटतो.

अपोलीन सगळ्यांत शेवटी आली. तिचं शेतच सगळ्यांत उंचावर. बाटलीत तिच्या नवऱ्यानं, आन्सेल्मनं, भट्टी लावून काढलेलं शेवटचं तेल. बुचावर मेण ओतून, अंगठा दाबून तो आठवड्याभरात वारला. ‘अस्सल’ची चिठ्ठी मिळाली नाही, तर ते साबणाच्या पिंपात जाणार.

आणि लिनालूल या तेलातल्या मुख्य सुवासिक अल्कोहोलाचा सुळका चढला तो उतरेचना! शेपूट इतकं लांबलं, की कागद दाराबाहेर गेला आणि पोस्टमननं सायकल खांद्यावर घेऊन तो ओलांडला. त्या शेपटावर बसून चिमूटभर कापूरही डोंगराएवढा दिसू लागला. कापूर जास्त म्हणजे तेल हलकं, बहुधा भेसळीचं.

“फिर्मँ, माझा नवरा भेसळ करायचा म्हणतोस?”

“मी नाही गं, यंत्र म्हणतंय.”

“मग त्याचे कान उपट!”

मी नीट पाहिलं. बाकीचे सुळके ताठ, फक्त अल्कोहोलांच्या जातीचे लोळत होते. म्हणजे नळीचं तोंड घाण झालेलं. आमच्याकडे बाटलीचं मेण मालकानंच फोडायचं, म्हणून मी हंगामभर मेणातूनच तेल ओढायची सुई खुपसत आलो. गावभरचे मेणाचे कण तिथं साचले आणि भोवले हिला.

नळीचं टोक हातभर कापलं, यंत्रात सुई शिरते तिथली काचेची नळकांडी बदलली.

“आता मेण तुलाच काढावं लागेल, अपोलीन.”

ती अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिली. मग चाकूनं कडेकडेनं कापून चकती अख्खी उचलली, रुमालात बांधली.

सुळका सुईसारखा उतरला. कापूर मुंगीएवढा. मी ‘अस्सल’ लिहिलं.

ती मात्र जुना कागद चाचपत होती. “असाच निघायचा रे आन्सेल्म. ‘येतो’ म्हणायचा आणि दारात तासभर बोलत उभा. हा मला दे.”

“बिघडलेला आहे तो.”

“तोही होता.”

चिठ्ठी तिनं पिशवीत टाकली. कागदाची गुंडाळी मात्र तिच्या गाढवाला एका खेपेत नेता आली नाही.