लीजसाठी काढलेली ओल

मालकीणबाईंनी फोनवर लगेच हो म्हटलं, तिथेच सगळं बिघडलं.

म्हणजे असं की आमचा फ्लॅट आमचा आहे, पण लीजवर. जमीन मालकीणबाईंची. लीज संपली की फ्लॅटही त्यांचा, आणि आई-बाबा आपापल्या उशा घेऊन माझ्या खोलीवर. तिथे सध्या मी आणि एक पुठ्ठ्याचा सिंह राहतो. मी नाटकांचे सेट रंगवतो; सिंह एका नाटकातून उरलाय. आई म्हणाली होती की म्हातारपणी सिंहासोबत राहायची तिची तयारी नाही, तेव्हा मुदत वाढवून घ्या. बाबांनी फोन केला, आणि बाई म्हणाल्या, “हो, देते की.”

बाबा वीज कंपनीत मीटर तपासायचे. सगळी नोकरी लोकांनी मीटरमागे लपवलेल्या तारा शोधण्यात गेली. त्यामुळे सरळ उत्तर मिळालं की आपल्याला कुणीतरी मूर्ख समजतंय असं त्यांना वाटतं.

“हसून हो म्हणाली,” बाबा म्हणाले. “कुठेतरी पाणी मुरतंय.”

“मग काय रडून म्हणायला हवं होतं?” आई म्हणाली.

“मीटर फिरवलेली माणसंसुद्धा दारात हसतच उभी असायची.”

मालकीणबाई एका व्हॅल्युअरला, म्हणजे किंमत काढणाऱ्या माणसाला, घेऊन येणार होत्या. तो घर बघणार होता. बाबांनी हिशेब मांडला: घर जितकं चांगलं, तितका मुदतवाढीचा आकडा मोठा. म्हणजे घर वाईट हवं. दुर्दैवाने आमचं घर चांगलं होतं. आई ते रोज पुसून आणखी चांगलं करायची, त्याला बाबांचा इलाज नव्हता.

“तू नाटकात पडक्या भिंती करतोस ना,” ते मला म्हणाले. “बेडरूममध्ये एक ओल काढ.”

“माझी चहा पावडर वापरायची नाही,” आई म्हणाली.

मी तिचीच चहा पावडर वापरली. काळीकुट्ट उकळून स्पंजने लावली, कडेला राखाडी, मध्ये पापुद्रे सुटावेत तशी खडूची पूड, आणि पुसली जाऊ नये म्हणून वरून सरसाचा हात. इतकं मन लावून मी आजवर काही केलेलं नाही. बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. एवढी दाद मला प्रेक्षकांकडूनही मिळालेली नाही.

व्हॅल्युअर बूट अगदी समांतर काढून ठेवणारा माणूस निघाला. त्याने नळ सोडून बघितले, खिडक्या उघडल्या-लावल्या आणि बेडरूममध्ये येऊन थांबला. मागे मालकीणबाई, पर्स पोटाशी धरून.

“हे कधीपासून?”

“जुनं आहे,” बाबा उत्साहाने म्हणाले. “वाढतच चाललंय. अशाने किंमत पडणारच ना, साहेब?”

“किमतीचा याच्याशी संबंध नाही. ती मजला, क्षेत्रफळ आणि उरलेली वर्षं यांवरून निघते. ऑफिसातच काढली मी.”

“मग आलात कशाला?”

“निगा बघायला. घराची निगा राखली नसेल तर मालकाला मुदतवाढ नाकारता येते. तुमच्याच करारात आहे.”

आईने बाबांकडे बघितलं. त्या बघण्यावर नाटकाचा अख्खा अंक उभा राहिला असता.

बाबांनी घसा साफ केला. “ती ओल नाही. चहा आहे.”

“चहा,” मालकीणबाई म्हणाल्या.

“मुलाने काढलाय. मी सांगितलं म्हणून.”

“पण कशाला?”

“तुम्ही हसलात म्हणून.”

बाई व्हॅल्युअरकडे वळल्या. “ओल लपवायला लोक काय काय सांगतात.”

“चहा पहिल्यांदाच ऐकला,” व्हॅल्युअर म्हणाला.

काहीतरी करायला हवं म्हणून मी भिंत चाटली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. “सरस लागतंय,” मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने आमची बाजू भक्कम झाली असं म्हणता येणार नाही.

शेवटी व्हॅल्युअरने बॅगेतून दोन सुयांचं छोटं यंत्र काढलं, सुया भिंतीला टेकवल्या आणि आकडा वाचला. “कोरडी आहे.”

आम्ही वाचलो. बाबांना चष्मा लावायला जितका वेळ लागतो, तितका वेळ आम्ही वाचलेले होतो.

“जरा दाखवा बघू,” ते म्हणाले. “याचं सील कुठाय?”

“बाबा,” मी म्हणालो.

“थांब रे. बिनसिलाच्या मीटरवर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. शेवटचं तपासलं कधी हे?”

व्हॅल्युअर यंत्र उलटसुलट करून बघायला लागला.

“अहो, ते आपल्या बाजूने बोलतंय,” आई दातओठ खात म्हणाली.

“बाजूचा प्रश्नच नाही.”

मालकीणबाईंनी पर्सची चेन लावली. “बरोबर बोलतायत हे. या यंत्राचं मीही ऐकणार नाही. पाऊस होऊन जाऊ दे. ओल असेल तर पसरेल. नसेल तर सही करीन. तोवर भिंतीला हात लावायचा नाही.” आणि त्यांनी डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढली.

बाई जिन्यात असतानाच बाबांना वाटलं की रेघ मुद्दाम आतून ओढलीय, म्हणजे डाग आपोआप बाहेर आलेला दिसेल. त्यांनी बाहेरून निळी ओढली. पुढच्या खेपेस बाईंनी निळीवर लाल ओढली. आईचा दोघांवरही विश्वास नसल्याने तिने शिवणाच्या खडूने चौथीच काढली. भिंत शेजाऱ्यांशी पटत नसलेल्या देशाच्या नकाशासारखी दिसायला लागली.

जोराचा पाऊस झाला की बाई यायच्या. छत्री मोरीत, आणि थेट बेडरूम. त्या आणि बाबा खांद्याला खांदा लावून डागाकडे बघत उभे राहायचे.

“सरकलाय,” बाई.

“तुम्ही भिंतीवर श्वास सोडताय. मागे व्हा.”

सगळ्यात वाईट म्हणजे एकदा बाबांनी मला बाजूला घेतलं. “खरं सांग,” ते हळूच म्हणाले, “नुसता चहाच होता ना?”

पाऊस संपला. डाग होता तिथेच होता. मालकीणबाईंनी कागद आणले, सही केली आणि पेन बाबांपुढे धरलं. बाबांनी कागद वाचले, उजेडात धरले, पाठीमागून बघितले.

“तुम्ही सही का केलीत?”

“डाग वाढला नाही म्हणून.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

बाबांनी पेन खाली ठेवलं.

ते आईने उचललं आणि सही केली. फ्लॅट तिच्याच नावावर आहे. बाबांनीच तसा घेतला होता, कारण त्यांचा स्वतःवरही फारसा विश्वास नव्हता.

“झालं,” आई म्हणाली. “आता जरा हात लावा. पलंग खिडकीपाशी घ्यायचाय मला. आता इथेच राहायचंय ना.”

एक बाजू बाबांनी धरली, दुसरी मालकीणबाईंनी. पलंग निघाला. दोघंही मध्येमध्ये वाकून बघत होते, समोरचा खरंच उचलतोय की नुसता हात लावून चाललाय.